एक सुपारी उरली

बामणडोंगरीला मला खिडकी मिळते, आणि खिडकी मिळाली की माझी झोप ठरलेली. आज मात्र झोपायचं नाही असं मी स्वतःला बजावते. मांडीवर पिशवी आहे, पिशवीत सासूबाईंचं हिरवं लुगडं आहे, आणि गावात हळदीचा मांडव माझी वाट बघतो आहे. दुपारची उरणची गाडी, बायकांचा डबा. या वेळी ही गाडी अशीच असते, अर्धी रिकामी, कुणाला पाय पसरायचे तर पसरावेत. उलव्याच्या उंच इमारती मागे जातात, तिवरांची झाडं सुरू होतात, खिडकीतून खारट गरम वारा येतो. डोळे मिटतात. मी उघडते. पलीकडच्या बाकावरची बाई फोनवर कुणाला तरी दूध तापवायला सांगते आहे. "उतू घालवू नकोस," ती म्हणते. पुन्हा डोळे मिटतात, आणि ती बाई अजून बोलतच असते.

सकाळचं कौतुक कानातून जात नाही. आमच्या आगरी लोकांत लग्नाला धवलारीण लागते. भटजी मागाहून, आधी ती. ती मांडवात बसून धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, आणि गावच्या देवांना, शिवेवरच्या देवांना, घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन लग्नाचं आवतण देते. माझी सासू आमच्या जुनीखार गावची धवलारीण होती. तिला जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्ध उरकल्यावरच माझ्या मोठ्या जावेने मुलीच्या, प्रणालीच्या, लग्नाची तारीख धरली, आणि सासूच्या पाटावर आज मी बसले. मी म्हणजे बेलापूरच्या चष्म्याच्या दुकानात "वरची ओळ वाचा, आता खालची वाचा" म्हणणारी बाई. पण गळा बरा आहे, आणि शिकवलं तिनेच.

एक नाव, एक सुपारी, अशी आमच्या घरची रीत. मी गाण्यात नाव घ्यायचं आणि चुलतसासऱ्यांनी, नामाकाकांनी, विड्याच्या पानावर सुपारी ठेवायची. एकही नाव चुकलं नाही. सासूने शिकवली त्याच ओळीने सगळी आली. जावेच्या बहिणी फोन वर धरून चित्रीकरण करत होत्या आणि मला ते दिसत होतं, त्यामुळे आवाज जरा जास्तच लागला. शेवटी नामाकाकांच्या हातात एक सुपारी राहिली. ते माझ्याकडे बघत थांबले.

"वनिता, ही उरली."

"जास्तीची आली असेल, काका," मी म्हणाले, आणि पुढचं गाणं धरलं.

त्यांनी सुपारी माझ्या हातावर ठेवली. मी ती पर्समध्ये टाकली. मग जाऊ म्हणाली की तू आईंचं लुगडं नेस, शोभेल, आणि मला आठवलं की ते उलव्याच्या घरीच राहिलं. म्हणून ही दुपारची फेरी. आता परत चालले आहे. झोपायचं नाही.

"उतू घालवू नकोस," ती बाई म्हणते.

"नाय घालवत," माझ्यासमोरून उत्तर येतं.

समोरच्या बाकावर आय बसली आहे. माझी सासू. दोन्ही पाय वर घेऊन, भिंतीला टेकून, बोटाने दातांना मिसरी लावते आहे. अंगावर हिरवं लुगडं. मी मांडीवरची पिशवी चाचपते. ती सपाट लागते. यात काही नवल आहे असं मला वाटत नाही. मला वाटतं ते एवढंच की लोक बघतील.

"आय, पाय खाली घे ना."

"कोनाला दाखवायचंत?" ती म्हणते, आणि मिसरीचं बोट खिडकीच्या पट्टीला पुसते.

हे तिचं नेहमीचं. ही लाईन उरणपर्यंत आली तेव्हा ती हयात होती. दवाखान्यासाठी आमच्याकडे यायची आणि येता-जाता गाडीत मला धवळे शिकवायची, भर आवाजात. मी माझा भाग ओठांतल्या ओठांत म्हणायचे आणि ती पट्टी माझ्या रुमालाने पुसत राहायचे. आताही माझा हात रुमालाकडे जातो. ती बघते. मी हात मागे घेते, आणि कानाच्या पाळ्या गरम होतात.

"कुठे निघालीस, आय?"

"लग्नाला. नातीचा लग्न हाय ना माजे." ती डोळे बारीक करून हसते. "सगलीच निंगालीत. बग तरी."

मी मागे वळून बघते. डबा भरलेला आहे, पण गर्दी नाही. लग्नाला निघालेली माणसं बसावीत तशी सगळी नीट बसली आहेत. टोप्या घातलेले पुरुष, नाकात नथ असलेल्या बाया. खिडकीजवळ छत्री घेऊन बसलेत ते माझे सासरे, मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं आहे. फोटोत छत्री नव्हती. मी पदर सावरते.

"पुढील स्टेशन," वरून त्या नेहमीच्या बाईचा गोड आवाज येतो, "हासुराम पदाजी म्हात्रे."

सासरे उठतात. गाडी थांबते. बाहेर फलाट नाही, मिठागर आहे. पांढऱ्या मिठाच्या राशी उन्हात डोळ्यांना टोचतात. सासरे छत्री उघडतात आणि बांधावरून गावाच्या दिशेने चालू लागतात. दुरून, फार दुरून, बँजो वाजतो आहे.

"पुढील स्टेशन, बारकी हासुराम."

एक लहान मुलगी उडी मारून उतरते. आयची पहिली मुलगी, तापात गेलेली. तिचा झगा नवा आहे. ती बापाच्या मागे पळते, आणि बाप न बघताच हात मागे करतो. आय तिच्याकडे बघत राहते. मिसरीचं बोट तोंडातच थांबतं.

"तिला हाक मार ना," मी म्हणते.

"जाऊ दे गो. तिचा आवतान आला, ती चालली. खुश हाय."

मग जोमाआजा उतरतो, जो होडी घेऊन गेला आणि होडी एकटीच परत आली. मग दोघी चुलत सासवा एकमेकींचा हात धरून. प्रत्येक नाव मी सकाळी घेतलेलं आहे, त्याच ओळीने. मला बरं वाटतं. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटतो. बघा, एकही चुकलं नाही. मी आयकडे बघते, तिने शाबासकी द्यावी म्हणून.

डबा रिकामा होत जातो आणि ती बसूनच आहे.

"आय, तू कुठे उतरणार?"

"जरा नीट बसव मना," ती म्हणते. "मान दुखतेय."

मी खुर्चीची उंची कमी करते. दुकानात आमच्याकडे डोळे तपासायची जी खुर्ची आहे तीच ही, पाठीमागे फाटलेली, वर चिकटपट्टी लावलेली. आयचे पाय पायपट्टीला पोचत नाहीत. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता उजळलेला आहे. मी तिच्या नाकावर जड चौकट ठेवते, एका डोळ्याला काच लावते. दुकानाच्या जमिनीवर पायाखाली गाडी धडधडते आहे.

"वरची ओळ वाचा," मी म्हणते. सवयीने तिला अहो-जाहो करते.

"हासुराम."

"खालची."

"बारकी."

"त्याच्या खालची."

"जोमा."

ती वाचत जाते. तिला अक्षर येत नव्हतं, पण ती वाचते. मी काचा बदलत जाते. ओळी लहान होत जातात, आणि तिचा आवाजही.

"आता शेवटची."

ती डोळे बारीक करते.

"दिसत नाही? काच बदलू?"

"काच नुको. तिथं काय नाय गो. कोरा हाय."

"असं कसं? तिथे नाव असतंच."

"तू बग."

मी वाकून बघते. तक्त्याच्या तळाशी पांढरा, उजळ, कोरा पट्टा आहे. मी त्यावर हात फिरवते. सकाळची सुपारी आठवते. नामाकाकांचं थांबणं आठवतं. मी खुर्चीला धरते.

आय, मी तुझं नाव घेतलं नाही.

मी हे मोठ्याने म्हणते की नाही, कळत नाही. पण तिने ऐकलेलं असतं. ती नाकावरची चौकट काढून माझ्या हातात देते, आणि आम्ही पुन्हा गाडीत समोरासमोर आहोत. बाहेर कंटेनरांच्या लाल-निळ्या उतरंडी चालल्या आहेत.

"वाईट नुको मानून घेऊस," ती म्हणते. "मीच शिकवला ना तसा. शिकवला तवा मी जित्ती होते. माजा नाव त्यात कुठून येल?"

"पण मला कळायला नको होतं?"

"होवा होता," ती शांतपणे म्हणते.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. जिवंतपणी ओरडायची, भात करपला तरी अख्ख्या आळीला कळायचं. आता ती लुगड्याची किनार बोटांनी सरळ करत बसली आहे.

"नामाला बिचाऱ्याला म्हाईत होता," ती म्हणते. "माज्यासाठी एक धरून बसलेला. आनि तू बोललीस, जास्तीची."

मला तोंड लपवायला जागा नाही. खिडकीकडे वळते तर काचेत मीच दिसते, आणि काचेतली मी खाली बघत नाही, सरळ माझ्याकडे बघते. गेल्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध घालून आम्ही तिला पितरांत पाठवलं, भटजींनी तसं चारदा सांगितलं. आणि पहिल्याच आवतणाला मी तिला गाळलं. तिच्याच पाटावर बसून. तिच्याच नातीच्या लग्नात.

"मला तुझी आठवणच झाली नाही," मी म्हणते. हे सांगायला नको होतं, पण या गाडीत खोटं तोंडातून निघत नाही. "फोनकडे बघत होते. माझाच आवाज ऐकत होते."

"म्हाईत हाय. चांगली गायलीस."

"तू ऐकलंस?"

"ऐकला ना. शिवेवर उबी होते, रुलाच्या पल्याड. तू येकेक नाव घेतलास, येकेक जन माज्या बाजूनं उठून गेला. मना वाटला, आता माजा येल. मंग माजा येल." ती हसते, पण डोळे वर करत नाही. "लुगडा पन नीट करून ठेवला होता गो."

"मग तशीच ये ना. तुझंच घर आहे."

"इनबोलावनी?" ती आता पहिल्यांदा माझ्याकडे रोखून बघते. "जल्ली काय बोलतीस? सगल्या गावाला मी आवतना दिली. कोनाच्या दारात इनबोलावनी कदी गेले नाय, आनि आता नातीच्या मांडवात जाऊ? मना लाज वाटते, वनिता."

तिला लाज वाटते. चूक माझी आणि लाज तिला. 

"आत्ता घेते," मी म्हणते. "आत्ता इथेच घेते तुझं नाव."

"घे."

मी तोंड उघडते.

नाव येत नाही. मला ते ठाऊक नाही असं नाही. पण या घरात आल्यापासून मी ते एकदाही उच्चारलेलं नाही. आमच्यात सून सासूचं नाव घेत नाही; सासऱ्यांचं निदान तिने शिकवलेल्या ओळीत बसलेलं होतं, ते गाण्याबरोबर निघून गेलं. दवाखान्यातल्या नर्सने पेशंटचं नाव विचारलं तर मी नवऱ्याला कोपराने पुढे ढकलायचे, आणि नर्स हसायची. आता मी जीभ टाळ्याला लावते, ओठ उघडते, मिटते. आधी काकांच्या घरातली सगळी नावं तोंडात येतात, मग माझ्या माहेरची, मग दुकानातल्या गिऱ्हाइकांची. तिचं येत नाही. आय माझ्या ओठांकडे बघते आहे. बारकीचं नाव आलं तेव्हा बारकीने असंच वर बघितलं होतं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," वरची बाई म्हणते, "ही गाडी पुढे जाणार नाही."

"पर्समदी बग," आय म्हणते.

मी पर्स उघडते, सुपारी काढून तिच्यापुढे धरते. ती घेते. मिसरीच्या बोटांनी उलटी-सुलटी करून बघते, बाजारात पारखून घ्यायची तशी.

"चांगली हाय. नामा चांगलीच आनतो." ती सुपारी परत माझ्या तळव्यावर ठेवते आणि माझी बोटं एकेक करून मिटते. तिची बोटं थंड नाहीत. "ठेव. तू जा आता. पोरीला हलद लावायची हाय, उशीर नुको. मी बसते हितंच."

"कुठवर बसशील?"

"ही न्हेल तवर."

"आय, उठ. माझ्याबरोबर चल, मी काकांना सांगते, मी सगळ्यांना सांगते..."

"सांगून काय व्हनार? नाव घ्यावा लागतो."

डब्यातले दिवे एकेक करून जातात. तिच्या अंगावरचं हिरवं लुगडं काळपट होत चाललं आहे. ती पाय पुन्हा वर घेते आणि भिंतीला टेकते, आणि मी तिच्या पावलांना हात लावायला वाकते तर पावलांऐवजी हाताला बाकाचा गार पत्रा लागतो. कुणीतरी माझा खांदा हलवतं आहे.

"ओ ताई. उठा. उरण आलं."

दुधाची बाई माझ्यावर वाकून उभी आहे. "कवापासून हलवतेय. बरं वाटत नाही का?"

"बरी आहे," मी म्हणते.

समोरचा बाक रिकामा आहे. मांडीवरची पिशवी फुगलेली आहे. वरून लुगड्याची हिरवी किनार दिसते. पर्स बंद आहे, चेन शेवटपर्यंत ओढलेली. माझी उजवी मूठ मात्र घट्ट मिटलेली आहे, इतकी की बोटं सोडवताना दुखतात. मुठीत सुपारी आहे. सुपारीवर काळा ठसा आहे. मी नाकाशी नेते. मिसरी. तिची, जरा जास्त भाजलेली.

आमच्या घरात आता मिसरी कुणी लावत नाही.

माझा डावा हात सवयीने रुमालाकडे जातो. मी तो पाठीमागे नेते आणि तिथेच धरून ठेवते.

बायका उतरल्या आहेत. मी पिशवी घेऊन दारापर्यंत येते आणि दारातच थांबते. उतरवत नाही. मी उतरले की मागे डब्यात कुणी नाही असं होईल, आणि ही गाडी थोड्या वेळाने उलटी बेलापूरला निघेल. फलाटावरून सफाईवाला झाडू घेऊन येतो.

"ताई, उतरा ना. झाडायचं आहे."

"थांबा जरा," मी म्हणते. "एक बाई उतरायच्या आहेत."

तो माझ्या खांद्यावरून आत बघतो, मग माझ्याकडे बघतो. दुधाची बाईही फलाटावर थांबली आहे, पिशवी खाली ठेवून. तिच्यामागे आणखी दोघी. माझ्या कानाच्या पाळ्या पेटल्या आहेत. बारा पिढ्यांनी जे तोंडातून काढलं नाही ते मी उन्हात, चार परक्या लोकांसमोर काढणार आहे. घसा खाकरते. नुसतं म्हणून भागणार नाही, हे मला कळतं. आवतण गाऊनच द्यायचं असतं.

मी सुपारी तळव्यावर पुढे धरते आणि सकाळचाच सूर धरते. पहिल्यांदा आवाज फाटतो. मी पुन्हा धरते.

"आवतान माजा गो कोनाला, हासुरामाच्या अस्तुरीला. बारकीच्या आयला. जुनीखारच्या धवलारनीला."

इथे श्वास संपतो. दुधाची बाई डोक्यावर पदर घेते. सफाईवाल्याने झाडू उभा धरला आहे.

"गुणाबाईला," मी म्हणते. "गुणाबाई, नातीच्या लग्नाला ये."

आणि दारातून बाजूला होऊन तिला वाट देते.